भेगेत काय मावलं?

भिंत ओळखायला मी चुकलो. चांगली कोणती आणि वाईट कोणती, एवढंच ठरवायचं होतं, आणि ते मी उलटं ठरवलं. त्या दुपारी माझ्या एसटीडी बूथच्या दारात शेजारचा पंक्चरवाला भिजत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अप्पाची भिंत पडली." तर खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं. म्हटलं, पडायचीच होती, पडली एकदाची. अप्पा तर पलीकडच्या भिंतीला झोपतात. मी सावकाश कॉम्प्युटर बंद केला, त्यावर धूळ बसू नये म्हणून बायकोनं शिवलेलं झाकण घातलं, शटर ओढलं, छत्री शोधली. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर भेगेची भिंत जागच्या जागी उभी. भेगेत माझं पेनसुद्धा तसंच. आणि तिच्या समोरची, जिला आम्ही सगळे चांगली म्हणत होतो ती... तिच्या जागी नुसतं आभाळ दिसत होतं.

विश्वनाथअप्पांचं गेवराईच्या जुन्या गावात बांगड्या, टिकल्या, फण्या, रिबिनींचं दुकान. दुकानाच्या मागं घर, माळवदाचं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : लाकडी तुळयांवर मातीचा सपाट थर, हेच छप्पर. पाऊस लागायच्या आधी त्यावर पांढरी माती पसरून धुमसायची, म्हणजे ठोकून घट्ट बसवायची, नाही तर गळतं. दरसाल नवी माती टाकायची. जुनी काढायची मात्र आमच्याकडं पद्धत नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पुष्कळांनी भिऊन माळवदं उतरवली आणि पत्रे टाकले. अप्पांनी नाही. भूकंपाला हललं नाही ते घर आता कशाला हलतंय, असं म्हणायचे आणि गिऱ्हाइकाच्या मनगटावर बांगडी चढवायचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, पण सोबत चहा प्यायला तेच एक माणूस गावात. बाकीच्यांना माझे किस्से ऐकून कंटाळा आला होता.

बूथमध्ये इंटरनेट आणलं हा माझा आणखी एक शहाणपणा. वाटलं, पोरं रांगा लावतील. रांग लागली ती विजेच्या बिलांची. पुण्याच्या मेव्हण्यानं मला 'ओसरी' नावाच्या एका मराठी ई-मेल गटात घातलं होतं. देशोदेशी पांगलेली माणसं तिथं रोज काहीबाही लिहायची. मी मेव्हण्याला खाजगीत माझ्या मूळव्याधीवर औषध विचारायला गेलो आणि ते पत्र गेलं अख्ख्या गटाला. दुसऱ्या दिवशी टोरांटो, शारजा, पुणे, सगळीकडून नुस्खे. अशी आमची ओळख झाली. अप्पांना हे सांगितलं तर ते इतके हसले की हातातला कप सांडला, आणि मग म्हणाले, "दत्ता, त्या लोकायला सांग, सुरण खाल्लं तर लई फरक पडतो." ते मी टाइप केलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, एका बोटानं. तिथून अप्पा रोजचे झाले.

स्टुलावर बसायचे, बडीशेप चघळत सांगायचे, मी लिहायचो. काय सांगायचे? घरातलं. आज गंगानं पिठलं केलं आणि चुलीपाशी मांजरानं तीन पिल्लं घातली. आज गिऱ्हाइकाला हिरव्या बांगड्या दिल्या त्या दोन मापांच्या निघाल्या. बाईचे हात दोन मापांचे असतात, हे कुणाला माहीत आहे का? माहीत नव्हतं. टोरांटोच्या नीलाताईंनी स्वतःचे दोन्ही हात मोजून उत्तर पाठवलं. शारजाहून एक पठाण लिहायचा, मूळचा परभणीकडचा. तो रोज विचारायचा, आज वहिनींनी काय रांधलं. त्याच्या कॅन्टीनमध्ये म्हणे रोज एकच डाळ. अप्पांच्या बायकोला, गंगावहिनींना, याचं नवल वाटायचं. "माझ्या कोड्यासाच्या भाजीचं तिकडं काय करतेत?" असं विचारायच्या, पण दुसऱ्या दिवशी भाजी जरा मन लावून करायच्या.

मग नदीवरून वाळूच्या ट्रका गल्लीतून जायला लागल्या. दिवसभर खिडकीचे गज थरथरायचे, दुकानातल्या बांगड्या आपोआप किणकिणायच्या. अप्पांना तेही आवडलं. घरबसल्या जलतरंग, असं त्यांनी गटाला कळवलं. थोड्या दिवसांनी रस्त्याकडच्या भिंतीला भेग दिसली. तिचा खेळ कुणी केला? अप्पांनीच. दर रविवारी विचारायचे : आज भेगेत काय मावलं? ओळखा. आधी पोस्टकार्ड मावलं. मग टिकल्यांचं पाकीट. मग फणी. गटातली माणसं पैजा लावायची. शारजाच्या पठाणाला फणी बरोबर ओळखता आली, तर अप्पांनी त्याच्या बायकोसाठी रिबीन बाजूला काढून ठेवली, कधी गावी येईल तेव्हा द्यायला. एका रविवारी मी स्वतः गेलो. म्हटलं, माझं पेन बघू. पेन टोपणापर्यंत सरकलं आणि अडकलं. ओढलं तर येईना. भिंतीच्या आतून गार वारा बोटांना लागला... मी हात मागं घेतला आणि हसून म्हटलं, चला, बक्षीस भिंतीला.

तेव्हा मात्र नीलाताईंनी लिहिलं की हे आता हसण्यावारी नेऊ नका. गटात चर्चा सुरू झाली. पुण्याचे दोघं इंजिनियर होते. कॉम्प्युटरचे, पण इंजिनियर. त्यांनी आडव्या-उभ्या रेघांनी भिंतींचं चित्र काढून पाठवलं. माळवदाचं ओझं भेगेच्या भिंतीवरून उतरवा, चांगल्या भिंतीकडं न्या, आणि अप्पांचा पलंगही तिकडंच घाला. मला ते इतकं पटलं की मी त्याची छापील प्रत काढून भिंतीवर चिकटवली. चांगल्या. अप्पा कुरकुरले, की मिस्त्रीला विचारू. मी म्हटलं, अप्पा, चार देशांतली माणसं एकमतानं सांगतायत, मिस्त्री काय वेगळं सांगणार? ते हसले. "तू म्हंतो तं चढू, बे."

आम्ही दोघं खोरं आणि घमेली घेऊन वर चढलो. बापजाद्यांनी वर्षानुवर्षं टाकलेली माती कापून काढली, पलीकडं नेऊन पसरली, वर पांढरी माती घालून धुमसली. मी तर उत्साहात एवढा धुमसलो की खाली तुळईतून कुरकुर ऐकू आली. पाणी वाहून जायची पन्हाळ भेगेच्या बाजूला होती. उतार आता उलटा झाला, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. संध्याकाळी गटाला कळवलं : मोहीम फत्ते. टाळ्यांची पत्रं आली.

पाऊस यंदा परतताना फार रेंगाळला. त्या दिवसांतली अप्पांची पत्रं मी परवा पुन्हा वाचायला घेतली, आणि वाचवेनात. पलंगाजवळचा माठ अगदी फ्रीजसारखा गार राहतो. मांजर मात्र त्या कोपऱ्यात झोपायला तयार नाही, तिला पिल्लांसकट भेगेपाशीच बरं वाटतं. मिठाला पाणी सुटलं. काडेपेटी घासून घासून संपली, काडी पेटेना. पापड तळायच्या आधीच मऊ. त्यावर नीलाताईंनी लिहिलं की इकडं आमची हवा इतकी कोरडी, की थोडा ओलावा पार्सल करा. मीच ते अप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्ही किती हसलो.

शेवटचे आले तेव्हा छत्रीतून पाणी निथळत होतं. त्या दिवशी त्यांनी गटाला एकच कोडं घातलं : चांगल्या भिंतीतून मुंग्या निघाल्यात, तोंडात अंडी धरून, आणि रांगेनं भेगेच्या भिंतीत राहायला चालल्यात. कावून? मी ते टाइप केलं. पुण्याच्या एकानं लगेच कळवलं : भाडं वाढलं असेल. पठाणानं लिहिलं : तिकडं पेन आहे, शाळा काढणार असतील. अप्पा गदगदून हसले. जाताना दारात थांबून म्हणाले, "उद्या सांग, कोनाचं बरोबर निघालं ते." दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते पलंगावर आडवे झाले. वहिनी पुढं दुकानात गिऱ्हाइकाला बांगड्या भरत होत्या, म्हणून त्या वाचल्या. मी त्याच वेळी बूथमध्ये बसून उत्तरं वाचत होतो. कुणाचंच बरोबर नव्हतं.

मातीला अख्खी पेठ आली. अप्पांच्या समाजात न जाळता बसवून समाधी देतात. प्रत्येकानं मूठभर माती टाकायची. माझी पाळी आली तेव्हा मूठ उघडेना. या हातांनी त्यांच्यावर टाकायची ती आधीच टाकली होती... मागच्या माणसानं मला कोपरानं ढकललं, तेव्हा ती सांडली.

गटाला कळवायला मला आठवडा लागला. कळवल्यावर 'ओसरी'तली रोजची पत्रं थांबली. काय शिजवलं, काय सांडलं, कुणीच काही लिहीना. पठाणाचं तेवढं दोन ओळींचं पत्र आलं, की ती रिबीन राहू द्या, मी येऊन घेईन. आणि परवा पुण्याच्या दोघांचं एक लांबलचक पत्र आलं. नवं घर कसं बांधावं, उभ्या भिंतीला कुठून टेकू द्यावा, सगळं चित्रासकट. मी त्याची प्रत काढली आणि गंगावहिनींकडं गेलो.

त्या आता दुकानातच राहतात. मागचं दार उघडं असतं आणि त्यातून ती भेगेची भिंत समोर दिसते, एकटी, उन्हात. गल्लीतले म्हणतात पाडा, कुणाच्या तरी अंगावर येईल. वहिनी हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. त्या भिंतीला अजून अप्पांचा आरसा आहे, दाढीचा ब्रश आहे, आणि मधोमध माझं पेन. एक ट्रक गेली की बांगड्या किणकिणतात आणि वहिनी हातातलं काम थांबवून तिकडं बघतात. आवाज बसला की पुन्हा मापं लावायला लागतात. मी कागद पुढं केला. त्यांनी तो उलटा करून बघितला, पाठ कोरी होती, म्हणून त्यात फुटक्या बांगड्या बांधून ठेवल्या.

मी उगीच म्हटलं, निदान ते पेन तरी काढून घेतो, बघवत नाही. उठलो, दाराबाहेर पाऊल टाकलं. मागून वहिनींचा आवाज आला, न रागावता, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा.

"ऱ्हाऊ द्या, भावजी. तुमी हात लावला की पडतंय."