बार्सिलोनाहून गोदेलीव्हच्या ढाबळीत

ओमेर गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, त्याची कबुतरं आता विकली जाणार. पण त्याची बायको गोदेलीव्ह अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशीच ढाबळीत शिरली आणि शिडीवरून खाली यायचं नावच घेईना. चाळीस वर्षं तिने कापड गिरणीत माग चालवले होते. हातांना उसंत माहीत नव्हती.

आमच्या कॉर्ट्रेक शहराच्या कबुतरबाजांच्या मंडळात तिच्याखेरीज एकही बाई नव्हती. मी तिथे शर्यतींचा हिशेब ठेवायचो. सत्याऐंशीच्या जुलैत तिने बार्सिलोनाच्या शर्यतीसाठी एकच पक्षी आणला, आणि तीही मादी. अध्यक्ष जेरोमने टोपलीत डोकावून पाहिलं.

"अगं, ही बार्सिलोनाहून यायची? विमानाला जवळपास दोन तास लागतात. हिला दोन आठवडे लागतील."

"हिचं पिल्लू दहा दिवसांचं आहे, जेरोम. तुझ्या नरांना काय घाई? त्यांना तू बायकोपासून तोडून उपाशी प्रेमावर उडवतोस."

सगळे हसले. जेरोमही हसला, पण जरा उशिरा.

कबुतरं ट्रकने तिकडे गेली. शुक्रवारी सकाळी नऊला टोपल्या उघडल्या. संध्याकाळी फ्रान्सवर वादळ उठल्याचं रेडिओने सांगितलं, तेव्हा मी तिच्याकडे गेलो. ती पिल्लाला स्वतःच्या हाताने दाणे भरवत होती.

"घाबरलीस?"

"घाबरले असते तर पाठवली असती का?" ती म्हणाली, पण दाणे जमिनीवर सांडत होते.

शनिवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला मादी आली. घिरटी नाही, छपरावर टेकणं नाही, थेट पिल्लाकडे. शेपटीची दोन पिसं गेली होती. गोदेलीव्हने पायातली शर्यतीची रबरी कडी काढून मंडळाने दिलेल्या घड्याळात टाकली, वेळ नोंदवणारी कळ दाबली आणि मगच तिला पाणी दिलं.

दुपारी मंडळात घड्याळं उघडली. जेरोमच्या नराची वेळ अकरा वाजून बारा मिनिटं. गोदेलीव्हच्या मादीची अकरा वाजून चौदा.

"दोन मिनिटं," जेरोम म्हणाला आणि सगळ्यांसाठी बिअर मागवली. "बिचारी, थोडक्यात हुकली."

"थांब की जरा," गोदेलीव्ह म्हणाली. "माझं घर कुठे आहे आणि तुझं कुठे?"

मी कागद काढला. जेरोमचं घर बार्सिलोनापासून एक हजार बावन्न किलोमीटरवर, तिचं एक हजार छप्पन्नवर. आमच्याकडे जिंकतो तो आधी पोचणारा नव्हे, मिनिटाला जास्त मीटर कापणारा. रात्री कबुतरं उडत नाहीत, म्हणून ते तास वगळून मी भागाकार केला, मग पुन्हा केला. चार किलोमीटर म्हणजे त्या वेगाने चार मिनिटांहून जास्त, आणि मादी मागे होती फक्त दोन मिनिटं.

"पहिली गोदेलीव्ह," मी म्हणालो.

मग मागच्या बाकावरचा म्हातारा खाटीक उठून टाळ्या वाजवू लागला, आणि सगळेच उठले. तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. जेरोम खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. टोपी काढून त्याने ती गुडघ्यावर ठेवली.

"त्या मादीचं एक अंडं देशील मला?"

"बघू," गोदेलीव्ह म्हणाली आणि त्याने मागवलेली बिअर आपल्याकडे ओढली. "आधी फळ्यावर माझं नाव लिही. मोठ्या अक्षरात."

जेरोमने खडू उचलला.