पाणी पुरेल म्हणणारा मास्तर

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि त्याच आठवड्यात निरोप आला, झाडे मास्तर गेले. मी निरोप आणणाऱ्यावरच खेकसलो. अरे, काल तर पुलगावच्या बाजारात वांग्यांच्या भावावरून भांडत होता! नाचणगावच्या शाळेत मनोहर झाडे गणित शिकवायचा, मी मराठी. तो गेल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जावं कळत नाही...

आमची भांडणं व्हायची ती त्याच्या गणितावरून. दुसरे मास्तर फळ्यावर शिकवत, हा पोरांना विहिरीवर नेई. बहात्तरच्या दुष्काळातला तो हिवाळा. दोराला दगड बांधून पोरं रोज सकाळी पाणी मोजायची. कोणत्या दिवशी किती पाणी, हे झालं सरळ गणित. मग हा म्हणायचा, "आता उलटं चाला. पाणी तळाले टेकन, तो दिवस कोन्ता? यालेच व्यस्त फलन म्हनते."

वर्गात शकू नावाची मुलगी होती, सगळ्यांत हुशार. तिचं लग्न फाल्गुनात ठरलेलं, मॅट्रिकच्या ऐन तोंडावर. वडिलांचं म्हणणं एकच : विहिरीला पंगतीपुरतं पाणी राहत असेल तर मुहूर्त हलणार नाही, नसेल तर लग्न पुढच्या सालावर. शकूनं गणित केलं. विहीर मुहूर्ताच्या आधीच आटत होती. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. पण झाड्याची खोड अशी की आलेलं उत्तर परत रोजच्या मोजणीच्या मूळ कोष्टकात टाकून बघायचं. टाकलं; जुळेना. शकू मान खाली घालून उभी. तिनं मुद्दाम चुकवलं होतं हे मलाही कळलं, आणि मला तर साधी बेरीजही धड येत नाही.

वडील शाळेत आले. "मास्तर, पानी पुरन काय?"

"पुरन," झाड्या म्हणाला. "पन पोरीले परीक्षेले बसू द्या."

"मी पान्याचं इचारलं," म्हणून ते निघूनही गेले.

संध्याकाळी मी त्याला नाही नाही ते बोललो. "एवढंसं खोटं बोलला असता तर काय आभाळ कोसळलं असतं बे?"

"त्याच हिशेबावर अख्खं गाव पानी भरून राह्यलं," तो म्हणाला. "तो खोटा कसा करू?" आणि तोंड फिरवून बसला. लग्न झालं. पाणी मेलं नेमकं पुरलं. परीक्षेला शकूची जागा रिकामी होती, आणि त्या दिवशी झाड्या डबा न उघडताच घरी गेला.

पुढच्या वर्षी त्यानं उलटं चालणं स्वतःवर घेतलं. परीक्षा मार्चमध्ये, लग्न त्याच्या आधी फाल्गुनात, सोयरीक जुळते तुळशीच्या लग्नानंतर. म्हणजे बापाच्या दारात जायचं ते दिवाळीतच! तेव्हापासून दरवर्षी लक्ष्मीपूजन आटोपलं की हा सायकल काढून मॅट्रिकच्या, पुढं दहावीच्या मुलींची घरं पालथी घालायचा, परीक्षेआधी लग्न नको म्हणून सांगत. कुठं चिवडा मिळे, कुठं शिव्या. काही बाप ऐकत, काही कुत्रं सोडत.

परवा, दिवाळी झाल्यावर, शकू झाड्याच्या घरी भेटायला आली. मीही तिथंच होतो. तिची मुलगी यंदा दहावीत आहे. न राहवून मी विचारलं, "सरांवरचा राग गेला का गं?"

"नाई गेला," ती म्हणाली. "त्यायनं खोटं बोलाले पाह्यजे होतं." डोळे पुसले, आणि मग म्हणाली, "यंदा कोन जाऊन राह्यलं, सर?"

पडवीत त्याची सायकल उभी होती. चाकं दाबून पाहिली, हवा होती. जाण्याआधी भरून ठेवली असणार लेकाच्यानं. वहिनींना न विचारताच मी ती बाहेर काढली. पहिलं घर देवळीच्या रस्त्याला आहे. बाप फार तापट आहे म्हणतात.

असू दे. मी काही कमी तापलेलो नाही.