मोर्चात अडकलेली गाडी

चौकात थकलेल्या पगारासाठी निघालेला मोर्चा आला आणि आमची गाडी अडकली. मागच्या सीटवर आईला धाप लागली होती आणि दवाखाना पुलापलीकडे होता. उभी हयात कामगारांचे मोर्चे काढलेले बाबा ओरडले, "यांना हटवायला पोलीस का येत नाहीत?"

"बाबा, तुम्ही हे म्हणताय?"

"तेव्हा वाटायचं, गाडीत बसलेले सगळे सुखीच असतात," ते पुटपुटले.

मतं वर्षानुवर्षं विचार करून बदलत असतील, असं मला वाटायचं. इथे तर एका बंद काचेआड ती बदलताना दिसत होती.

आईला पाहून मोर्चातल्या बायकांनीच वाट करून दिली. ती कशीबशी म्हणाली, "अहो, पण त्यांचं म्हणणं खरंच आहे ना?"

गाडी पुलावर चढली, तेव्हा बाबांनी काच खाली करून मोर्चाकडे हात उंचावला.