पाकिटाची मागची बाजू

रत्नागिरी स्टेशनात गाडी दिसायला लागली तेव्हा मी बॅगेतून सोड्यांची पुडी काढली आणि आईच्या हातात परत दिली. सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, तिने स्वतः सड्यावर, उघड्या कातळावर वाळवलेली. नव्या कपड्यांना वास लागेल, म्हणालो. आईचा धंदाच सुक्या मासळीचा. त्या वासावरून शाळेत मी भरपूर चिडवून घेतलं होतं. आता दुबईत चॉकलेटच्या कंपनीत नोकरी लागली होती, तेव्हा माझा थाट काही विचारू नका. आई एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी खाईन."

चॉकलेटची कंपनी हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. तुमच्यापैकी जे एजंटमार्फत गेलेत, त्यांना हे सांगायला नको. एका बड्या खाद्यकंपनीच्या मालाचं ते गोदाम होतं. अर्ध्या भागात चॉकलेटं, गोळ्या, च्युइंगम आणि उरलेल्या अर्ध्यात कुत्र्यामांजरांचं खाणं. चॉकलेटं वितळतात म्हणून तिकडे एसी. आम्ही वितळत नाही, म्हणून आमच्याकडे पंखे. मी मांजरांच्या बाजूला. एखादी गोणी फाटली की मासळीची भुकटी अंगभर. ज्या वासाला टाळून घर सोडलं, तो माझ्याआधीच तिथे पोचला होता.

पाकीट उलटं करून बघायची खोड मला तिथेच लागली. समोर वेगवेगळी नावं, वेगवेगळे रंग, हसरी मुलं, गुबगुबीत मांजरं. मागे बारीक अक्षरात मालक एकच. पोरांच्या हातातली गोळी आणि मांजराच्या ताटलीतला दाणा एकाच घरचे. त्यात गैर काहीच नाही, पण समोरून कुणी सांगत नाही ना! तेव्हापासून माझा कशावर पटकन विश्वास बसत नाही. साबणसुद्धा मी उलटा करून घेतो. कुणी फार गोड बोललं की वाटतं, याच्या मागे काय छापलंय ते बघायला हवं.

माझी मागची बाजू मात्र मी घरी दाखवली नाही. व्हिडिओ कॉल करायचा तर जेवणाच्या सुट्टीत चॉकलेटच्या खोक्यांपुढे जाऊन उभा राहायचो. आई डोळे बारीक करून माझ्या मागच्या खोक्यांकडे बघायची. त्या बघण्याची मला धास्ती वाटायची.

पहिल्या सुट्टीत आलो, आळीभर चॉकलेटं वाटली. कपडे धुवायला घेताना आईने माझा शर्ट नाकाशी नेला. "मेल्या, चॉकलेटच्या कंपनीत हायस ना? मग कापडांना सुक्या मासळीचा वास कसा?"

खोलीतला जोडीदार मासे तळतो, म्हणालो. जिचा जन्म मासळीत गेला तिला मी तळलेला मासा आणि सुका मासा यांतला फरक शिकवत होतो.

यंदा आलो तर ओट्यावर दोन रिकामी पाकिटं उलटी मांडून ठेवलेली. एक मीच आणलेल्या चॉकलेटांचं, तिने कोकमं ठेवायला जपलेलं. दुसरं शेजारच्या नव्या बिल्डिंगमधल्या बाईंच्या मांजराच्या खाण्याचं. आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिने बोट फिरवत मालकाच्या नावाच्या अक्षरांचे आकार जुळवले होते.

"ह्ये आणि ह्ये एकच ना? आणि ह्याला तुझ्या कापडांचा वास. तू मांजरांच्या खाण्याकडं हायस."

मी हो म्हणालो. वाटलं, आता हसेल.

"लाज मासळीची वाटली, का माझी?"

मी दोन्ही पाकिटं सुलटी करून ठेवली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने माझे शर्ट धुऊन बोंबील वाळवायच्या वलाणीशेजारच्या दोरीवर टाकले. "हितं कोणाला कळायचं नाय," म्हणाली. दुबईच्या खोलीत मी शर्ट दोनदोनदा धुतो. इथे त्याची गरज नव्हती. घर म्हणजे आता माझ्यासाठी तेवढीच जागा आहे, जिथे मला कुणी उलटं करून वाचलंय आणि तरी घरात घेतलंय.

निघताना तिने सोडे दिले नाहीत. मलाच मागावे लागले. तिने पुडी बांधून दिली, मी तिच्यासमोर बॅगेत ठेवली. तरी स्टेशनवर गाडी दिसायला लागल्यावर तिने मला बॅग उघडायला लावली, कपड्यांखाली हात घालून पुडी चाचपली, आणि मगच मला डब्यात चढू दिलं.