पंचनाम्यातला तांब्या

आधीच सांगून टाकतो, मला असल्या गोष्टींची भीती वाटत नाही, राग येतो. इथे लोक भुताखेताचे अनुभव लिहितात ते सगळं मी जेवणाच्या सुट्टीत वाचतो आणि प्रत्येक वेळी मनात म्हणतो, अरे बाबा, पंचनामा केलास का? साक्षीदार कोण? सही कोणाची? एकोणीस वर्षं तलाठी आहे मी. हल्ली आम्हाला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात अजून तलाठी आप्पाच. कागदावर नाही ते झालंच नाही, या हिशोबाने आयुष्य काढलं. आणि माझं नशीब बघा... जे माझ्यासोबत झालं त्याचा कागदच माझ्या सहीचा आहे.

तालुका सांगत नाही, नोकरी अजून बाकी आहे. जागा मात्र नीट सांगतो. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांची शीव जिथे तापीवर येते, तिथलं दक्षिण काठावरचं गाव. हा काठ जळगाव जिल्ह्यात, समोरचा धुळे जिल्ह्यात. खालच्या अंगाला बॅरेज आहे, म्हणून भर उन्हाळ्यातही नदी काठोकाठ असते. माझी सजा, म्हणजे तलाठ्याचं कार्यक्षेत्र, या काठावर, आणि माझं जन्मगाव बरोबर समोर. तिथे माय, थोरला भाऊ आणि वहिनी. होडीने दहा-बारा मिनिटं. रस्त्याने पुलावरून फिरून जायचं तर दीड तास, तोही गाडीने दगा दिला नाही तर!

होडी नानांची. नाना भोई, सत्तरी ओलांडलेले, आणि बोलायला महाफटकळ. दर शनिवारी ते मला पलीकडे सोडायचे. आमच्याकडे एक रीत आहे. नदीपलीकडे आईला किंवा लेकीला भेटायला निघालात की होडी मधल्या धारेत थांबवायची, तांब्याभर पाणी घ्यायचं आणि ते घरी जाऊन आपल्या हाताने पाजायचं. धारेचं पाणी म्हणतात त्याला. माय घरात आरओचं पाणी आलं तरी शनिवारी हेच प्यायची. त्यासाठी नानांच्या होडीत एक पितळी तांब्या कायम असायचा, काठाला तीन खाचा पाडलेला. घरी ठेवायचा आणि परतीच्या खेपेला आणायचा.

तर ते मधले लढाईचे दिवस आठवा. सायरनच्या चाचण्या, दिवे बंद ठेवा, टीव्हीवर आरडाओरडा. त्यात एक दिवस आमच्याकडे आदेश आला, बॅरेजच्या सुरक्षेसाठी. वाचून मी कपाळावर हात मारला. 'सागरी किनाऱ्यालगतच्या जमिनीत प्रवेश बंद, भरतीच्या रेषेपासून दोनशे मीटर, सर्व लहान नौका पाण्याबाहेर काढून सीलबंद कराव्यात.' अहो, भरतीची रेषा? आमच्या खान्देशात भरती म्हणजे पोलीस भरती, नाहीतर तलाठी भरती! कोणीतरी कोकणातल्या आदेशावर नुसतं जिल्ह्याचं नाव बदललं होतं. मी वर फोन केला. "साहेब, इथे समुद्र नाही." तिकडून उत्तर, "नदी आहे ना? मग करा."

केलं. काठावर सात होड्या होत्या. सगळ्या वर ओढल्या, पालथ्या घातल्या, कडुनिंबाला साखळीने बांधल्या. पोलीस पाटील आणि किराणावाले असे दोन पंच. सामान होडीखालीच ठेवायचं, भोवती पट्टी, पट्टीवर लाखेचं सील, त्यावर माझी सही. ऊन असं की लाख घट्टच होईना. थोडी माझ्या शर्टाच्या उजव्या बाहीवर सांडली आणि मी आणखीच तापलो.

नाना शेजारी उभे राहून मजा बघत होते. "आप्पा, ह्या तापीमां समुद्र कोठे शे? माले बी दखाडा."

"नाना, गप्प बसा. माझं डोकं आधीच फिरलंय."

मी लिहिलं : होडी एक, वल्ही दोन, दोर एक, पाणी उपसायचा डबा एक, पितळी तांब्या एक. दोन्ही पंचांनी सह्या केल्या. तेवढ्यात नाना पुढे आले. थट्टा संपली होती.

"तांब्या माले द्या आप्पा. तो नावना नही, धारना शे."

होडीचा नाही, धारेचा म्हणे! आता तांब्या देऊन टाकायला माझ्या बापाचं काय जात होतं? पण लिहून झालं होतं! खाडाखोड केली की शेजारी दोन्ही पंचांची पुन्हा सही, वर कारण नमूद करा... माझा पारा चढला होता. म्हटलं, "लिहिलं ते लिहिलं. आता तो मुद्देमाल आहे." आणि तांब्या होडीखाली सरकवून पट्टी लावली. नाना नदीकडे तोंड करून बसले. थट्टा केली नाही तेव्हाच मला समजायला हवं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला भावाचा फोन. "माय तुन्हं नाव लई राह्यनी. डॉक्टर येई गया, हात टेकात त्यानी. लवकर ये."

मी धावत घाटावर गेलो. समोर आमच्या गावाची पाण्याची टाकी दिसते हो तिथून! नाना साखळीपाशीच बसले होते, होड्यांच्या राखणीला ठेवलेला होमगार्ड शेजारी. नाना लगेच उठले. "सील काढा आप्पा. धा मिनिटमां पल्याड लई जास तुमले." होमगार्ड बिचारा मान खाली घालून म्हणाला, "आप्पा, तुम्ही सांगितलं तर मी तिकडे तोंड फिरवतो."

आणि मी सील तोडलं नाही. माझंच सील, माझीच सही, आणि माझाच हात उठला नाही. तुम्ही म्हणाल, गाढवा, मग रस्त्याने तरी निघायचं होतंस. खरंय. पण सगळ्यांच्या रजा रद्द होत्या, मुख्यालय सोडायला बंदी, आणि आदल्याच दिवशी एक ग्रामसेवक जागेवर सापडला नाही म्हणून निलंबित झाला होता. वाटलं, तालुक्याला जाऊन परवानगीची सही घेऊ, अर्ध्या तासाचं तर काम. मोटारसायकल काढली आणि नदीकडे पाठ करून तालुक्याला गेलो. मायच्या उलट दिशेला...

सव्वाअकराला कचेरीत पोचलो. साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत. अव्वल कारकुनाने अर्ज परत केला, कारणाच्या रकान्यात 'आई अत्यवस्थ' पुरत नाही, डॉक्टरचा दाखला जोडा. मी म्हटलं, दाखला नदीपलीकडे आहे! तर म्हणे, पलीकडे म्हणजे दुसरा जिल्हा, मग तिकडची ना-हरकत लागेल बहुतेक, विचारून सांगतो. बारा ते साडेबारा मी त्या माणसाच्या टेबलासमोर उभा राहून भांडलो. भांडलो म्हणजे, शेजारच्या खोल्यांतली माणसं बघायला आली. त्याचं टेबल ठोकताना काच तडकली. हे सगळं सांगतोय त्याला कारण आहे. त्या अर्ध्या तासात मी कुठे होतो याला दहा साक्षीदार आहेत.

अडीचला सही मिळाली. फोनची बॅटरी केव्हाच उतरली होती. मी उपाशीपोटी, त्या भट्टीसारख्या उन्हात, पुलावरून फेरा मारून चार वाजता गावात पोचलो.

अंगणात माणसं बसली होती. ओट्याशी बांबू आणून टाकले होते. मला तिथेच समजलं. गाडी कुठे सोडली तेही आठवत नाही.

भाऊ पुढे आला, माझा खांदा धरला आणि म्हणाला, "बरं झालं भाऊ, दुपारले येई गया तू. माय सुखमां गयी."

मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलं याचं. म्हटलं, "दादा, मी आत्ता येतोय. रस्त्याने."

"आते परत उना ना. पन बारा वाजता बी येई गया व्हता."

मी ओरडलो. मायचं प्रेत घरात आणि मी अंगणात भावावर ओरडतोय, असा तमाशा केला मी. "कोण आलं होतं? मी कचेरीत होतो! कचेरीत होतो मी!" माणसं माझ्याकडे कीव करून बघत होती. शेवटी वहिनी मला आत घेऊन गेली. मायच्या उशाशी, कोनाड्यात, पितळी तांब्या होता. मी हातात घेतला. काठाला तीन खाचा. तळाशी अजून घोटभर पाणी होतं.

वहिनीने सांगितलं ते असं. सव्वाबाराच्या सुमारास मी नदीकडच्या वाटेने आलो. पँट गुडघ्यापर्यंत ओली, हातात तांब्या. चपला ओट्यावर काढल्या. कोणाशी फार बोललो नाही. मायचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने नाही, तांब्यानेच थोडं थोडं पाणी पाजलं. माय डोळे उघडून बघत होती, हसली. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. अर्ध्या तासाने मी उठलो, म्हटलं, "नाना थांबेल शेत," म्हणजे नाना थांबलेत, आणि निघालो. पावणेदोनला माय गेली.

"वहिनी, तुम्हाला भास झाला असेल."

"भास कसाना भाऊ? तुमना बाहीवर डाग व्हता. मी म्हन्तं बी, रॉकेल लाई काढी देस. तुम्ही म्हनात, ऱ्हाऊ द्या." आणि तिने माझ्या उजव्या बाहीकडे बोट दाखवलं. लाखेचा डाग तिथेच होता, धुऊनही न गेलेला.

दहावं-तेरावं उरकून परत आलो ते सरळ घाटावर. होमगार्डला विचारलं, त्या दिवशी दुपारी होडी कोणी हलवली? तो रडकुंडीला आला. "आईची शपथ आप्पा, मी इथून हललो नाही. नाना माझ्या शेजारी झोपले होते." सातही होड्या जागच्या जागी, सगळी सीलं शाबूत. तांब्या आमच्या घरी कसा, हे मी तेव्हा कोणालाच विचारलं नाही. वाटलं, तांब्यासारखा तांब्या असतो. खाचा काय, कोणीही पाडतं.

बंदी उठली. तेच दोन पंच बोलावले. नानांच्या होडीची पट्टी मी स्वतः तपासली, भिंग लावून म्हणाल तरी चालेल. सही माझी, लाख अखंड, साखळीला गंज धरलेला. सील तोडलं, होडी उलटी केली. वल्ही दोन, दोर एक, डबा एक.

तांब्या नाही. मातीत त्याच्या बुडाचा गोल मात्र स्पष्ट उमटलेला होता.

पोलीस पाटील म्हणाले, "उंदराने नेला असेल." पितळी तांब्या! पंच गेल्यावर नाना हळूच म्हणाले, "आप्पा, मी वल्हं मारं नही. खोटं कसाले बोलू? पन त्या दिनले झोपमाईन उठनू, तं मन्हा दोन्ही हात दुखी राह्यंतात."

मला त्या म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटला. मग वाटलं, त्यांच्या पाया पडावं. दोन्ही केलं नाही, पंचनामा लिहायला बसलो.

आता गंमत ऐका. वरून पत्र आलंय. 'सीलबंद मुद्देमालात पितळी तांब्या एक कमी आढळून आला, सबब लेखी खुलासा सादर करावा.' दोन स्मरणपत्रंही झाली. देश लढाईतून बाहेर पडला, सगळे विसरले, पण तांब्या कोणी विसरेना! परत आणून ठेवू म्हटलं तर कुठे सापडला ते लिहावं लागेल. काय लिहू? की अधोस्वाक्षरीकार टेबलाची काच फोडत असताना अधोस्वाक्षरीकारच नदी ओलांडत होता? कोरा कागद समोर ठेवून बसतो आणि 'महोदय' लिहून थांबतो. मला काहीच स्पष्टीकरण सापडलेलं नाही. इथे कोणाकडे असेल तर सांगा, पण कृपा करून आत्मा, लिंगदेह असलं काही सांगू नका. मी जिवंत होतो आणि कचेरीत होतो.

लोक म्हणतात, भाग्यवान आहेस, माय तुझ्या हातचं पाणी पिऊन गेली. चीड येते मला! ती पाणी प्यायली ते मी पाहिलं नाही. तिचा हात माझ्या तोंडावरून फिरला तो मला लागला नाही. बठ्ठ्या, अख्ख्या गावाला माझी आणि मायची शेवटची भेट आठवते, एकट्या मला सोडून. तो जो कोणी आला होता, त्याने माझा शर्ट घातला, माझा डाग मिरवला आणि माझ्या मायला भेटून गेला. मी तिथे कारकुनाशी दाखल्यावरून भांडत होतो.

म्हणून दर शनिवारी मी पलीकडे जातो आणि वहिनीला तेच तेच विचारतो. आणखी काय बोलली माय? आठवा ना. वहिनी कंटाळत नाही, बिचारी पुन्हा पहिल्यापासून सांगते. मागच्या शनिवारी तिला एक नवीन आठवलं. पाणी पिऊन झाल्यावर मायने विचारलं होतं, "जेवना का भाऊ?"

"मग? मी काय म्हटलं?"

"तुम्ही म्हनात, हा माय, जेवनू."

त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मी तिथे असतो तरी मायला हेच सांगितलं असतं.