दोर झेलणारं माणूस

हसनभाईंची बोट लहान, मशीनची, पाचसहा माणसांची. खाडी ओलांडून धक्का जवळ आला की ते मशीन अगदी मंद करतात आणि बोट सावकाश येऊ देतात. मग दोर फेकतात. तो झेलायला त्यांच्या बायको, जमीलाभाभी, पायरीवर उभ्या असायच्या. मागच्या महिन्यात त्या गेल्या, आणि तेव्हापासून बंद असलेली बोट आजच पुन्हा सुरू झाली.

आज भाईंनी नेहमीसारखा, न बघताच दोर फेकला. रिकाम्या पायरीवर पडून तो पाण्यात घसरला. पंख्यात अडकेल म्हणून त्यांनी झटकन मशीन बंद केलं, तशी बोट वाहत जाऊन धक्क्यावर आपटली. आम्ही चार उतारूंनी बसल्या फळीला घट्ट धरलं. भाई ओला दोर ओढून घेत राहिले.

निघायला एकटा माणूस पुरतो. दोर सोडला, पायाने बोट रेटली की झालं. पोचायचं म्हटलं की काठावर कुणीतरी हवं. मीही प्रवास संपला की अजून खिशातून फोन काढतो, आईला 'पोचलो' म्हणून सांगायला, आणि तिचं नाव शोधता शोधता आठवतं.

शेवटी भाईंनी स्वतःच उडी मारून दोर खुंटाला बांधला आणि एकेकाला हात देऊन उतरवलं. मी म्हणालो, "भाई, उद्यापासून मी आधी उतरून दोर धरत जाईन."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तुम्ही बोटीतनंच येणार, साहेब. धरणारं माणूस आधीपासून काठावर पाहिजे."