सासऱ्यांच्या पिकअपचं पावर स्टेअरिंग

माझ्या सासऱ्यांची पिकअप वळवायची म्हणजे कुस्ती असायची, आणि कुस्ती म्हटली की बघायला माणसं लागतात. आमच्या ओट्यावर ती कायम असत.

आमचं गाव गंगाखेडहून राणीसावरगावकडं जाताना, डोंगराच्या अंगाला. गाडी जुनी, कितव्या मालकाकडून आमच्याकडं आली ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. सोयाबीन, कडबा, टमाट्याचे कॅरेट, कुणाच्या लग्नाचं मांडवाचं सामान, सगळं तिच्यावरच. स्टेअरिंग साधं, म्हणजे अंगातल्या जोरावर फिरणारं. अंगणात गाडी वळवायची असली की सासरे पायातली चप्पल काढत, बाह्या वर सारत आणि कुणाशी तरी जुनं वैर असल्यासारखं त्या चाकाला मिठी मारत. पुढं, मागं, परत पुढं. गाडी एकदाची वळली की घाम पुसत ओट्याकडं बघत उतरत.

"ही गाडी कुणालाबी वळत न्हाई," ते म्हणत. "मर्दाचा हात लागतो."

ओट्यावरचे माना डोलवत. त्यातल्या अर्ध्यांना सायकलही येत नव्हती.

ब्रेकचं वेगळंच होतं. पेडल पहिल्यांदा दाबलं की नुसतं खाली जायचं, दुसऱ्यांदा जरा अंग धरायचं, तिसऱ्यांदा लागायचं. याला आमच्या घरात बिघाड म्हणत नसत, गाडीचा स्वभाव म्हणत. लग्नानंतर नवऱ्यानं मला पहिल्यांदा त्या गाडीतून गंगाखेडला नेलं तेव्हा उतारावर तो म्हणाला, "घाबरू नको, तिसऱ्याला लागतो." इतक्या श्रद्धेनं म्हणाला की मला वाटलं, कुठल्या तरी जागृत देवाबद्दल बोलतोय.

मला गाडी येत होती. माझं माहेर चुडाव्याचं. नांदेडला शिकत असताना मी रीतसर क्लास लावून शिकले आणि लायसन काढलं. हे लोक मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी पोहे पुढं करत तेही सांगून टाकलं. सासरे भारीच खूश झाले. लग्नात त्यांनी निम्म्या पाहुण्यांना सांगितलं, "आमच्या सुनंला गाडीचं लायसन हाय." मग ते लायसन कपाटात शालूच्या घडीत गेलं आणि तिथंच राहिलं. शालू तरी अधूनमधून बाहेर निघायचा.

मी एकदाच चावी मागितली होती. सासऱ्यांना मी मामा म्हणते.

"मामा, माझ्या लायसनवर ही गाडी चालते. कायद्यानं तेवढं पुरतं."

"कायद्याला काय ठावं हिचं स्टेअरिंग," ते म्हणाले, आणि विषय संपला.

मग नणंदेचं लग्न ठरलं, पाथरीला. लग्नाच्या आदल्या दिवशी संसाराचं सामान पोचवायचं होतं. पलंग, गाद्या, भांडी आणि पुढं मोठा आरसा असलेलं लोखंडी कपाट गाडीत चढवलं. सासरे गाडीवर, शेजारी मी, माझ्या पलीकडं आत्याबाई, म्हणजे सासूबाई. नवरा मागं, कपाट धरून उभा. गावातून डांबरी रस्त्याला लागायला एक उतार आहे. तिथं सासऱ्यांनी सवयीनं ब्रेकला एक दिला, दोन दिले, तीन दिले. देवानं दर्शन दिलं नाही. चौथा दिला. गाडी वेग घ्यायला लागली.

सासरे "महादेवा" एवढंच म्हणाले. समोर डांबरी रस्ता, त्यावर उसाचा ट्रॅक्टर जायलेला. त्यांनी सगळा जोर लावून स्टेअरिंग डावीकडं ओढलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला रचलेल्या कडब्याच्या गंजीत बॉनेटपर्यंत घुसली.

कुणाला लागलं नाही. नवरा गाद्यांवर पडला म्हणून वाचला. कपाटाचा आरसा वरपासून खालपर्यंत तडकला. काचेवर कडबा आला होता, त्यामुळं आत अंधारल्यासारखं झालं. आत्याबाईंनी पदर सावरला.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

सासऱ्यांचे हात अजून चाकावरच होते. "मुद्दाम घातली," ते म्हणाले.

गंजीचा मालक शेजारीच बाजेवर बसून चहा पीत होता. त्यांच्याच वयाचा, आमच्या ओट्यावरचा रोजचा माणूस. त्यानं बशी खाली ठेवली. "मुद्दाम घातली आसंल," तो शांतपणे म्हणाला, "तर काढाबी मुद्दाम."

शेवटी त्याच्याच ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली. कपाट भाड्याच्या टेम्पोतून पाथरीला गेलं, आरशावर चादर बांधून.

लग्नात सासऱ्यांनी ही हकिकत सांगायला सुरुवात केली. त्याच संध्याकाळी हळदीला त्यात फक्त ब्रेक फेल झाला होता आणि त्यांनी डोकं लावलं होतं. लग्नाच्या सकाळी समोरून भरलेली एसटी आली. जेवणाच्या पंगतीपर्यंत एसटीत शाळेच्या पोरी बसल्या, आणि सासऱ्यांनी स्वतःच्या जिवाची पर्वा न करता त्या सगळ्यांना वाचवलं. गंजीचा मालकही त्याच पंगतीत होता. बुंदीचा घास संपवून तो शेजाऱ्याला म्हणाला, "आमच्या गावाला एसटी येतच न्हाई, ब्वा." सासऱ्यांना ते ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी येऊ दिलं नाही.

एवढं झाल्यावर गाडी मिस्त्रीकडं जाईल असं मला वाटलं होतं. नवऱ्यानं ब्रेक ऑइल भरलं, पेडलवर तीनदा पाय मारून बघितला आणि म्हणाला, "लागायलाय की." मी म्हटलं, "त्या दिवशी सकाळीही लागतच होता." त्यावर तो म्हणाला की मी फार नकारात्मक विचार करते. उताराखाली गंज पुन्हा रचली होती, आणि गंजीच्या मालकाशिवाय कुणाला चिंता असल्याचं दिसत नव्हतं.

गाडी सुधारली ती जावयामुळं. पाच परतावणाला नणंद आणि जावई आले, ते जावयाच्या नव्या पिकअपमधून. जावयानं आमच्या त्याच अंगणात, कडुलिंब आणि पाण्याच्या हौदाच्या मधून गाडी वळवली. एका हातानं. दुसऱ्या हातात मोबाईल होता आणि तो कुणाशी तरी कापसाच्या भावाचं बोलत होता. चप्पल पायातच. ओट्यावरच्यांनी हे सगळं बघितलं. एकजण तर उठून उभा राहिला.

जेवताना सासऱ्यांचं लक्ष अंगणातल्या त्या गाडीवरच होतं. शेवटी त्यांनी विचारलंच, "तुमची गाडी लय हलकी दिसती."

"पावर स्टेअरिंग हाय, मामा. ताकद लागत न्हाई."

"ताकद लागत न्हाई तर मग चालवायचं काय त्याच्यात?"

जावई हसला. "तुमच्या गाडीलाबी बसतं की. परभणीत बसवून देतेत."

सासऱ्यांनी दुसरी पोळी घेतली नाही. जिवावरचं संकट आलं तेव्हा ज्यांना मिस्त्री आठवला नव्हता, त्यांना जावयाच्या एका हातानं रात्रभर झोप येऊ दिली नाही. सकाळी ते नवऱ्याला घेऊन परभणीला निघाले.

मी म्हटलं, "मामा, ब्रेकचंही करून घ्या."

"आधी स्टेअरिंग."

आत्याबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. "ब्रेक न्हाई केले तर मी त्या गाडीत पाय ठेवत नसते," त्या म्हणाल्या. "महादेवाच्या जत्रेला तुमी एकलेच जा. पोचलात तर माझाबी नमस्कार सांगा."

परभणीचा मिस्त्री बोलघेवडा. पाना हातात घेतला की त्याला राजकारण सुचायचं आणि राजकारण संपलं की पाना सापडायचा नाही. नवऱ्यानं तिथला वृत्तांत घरी येऊन सांगितला. सासरे नुसतं स्टेअरिंगचं म्हणाले तेव्हा मिस्त्री म्हणाला, "करतो की. म्हंजे पुढच्या बारीला गंजीत जायला ताकदबी लागायची न्हाई." गंजीची गोष्ट परभणीपर्यंत पोचली होती, तीही एसटीशिवाय. मग सासऱ्यांना दोन्ही कामं सांगावी लागली.

गाडी उद्या देतो, उद्या देतो करत बरेच दिवस तिथंच राहिली. जुना स्टेअरिंग बॉक्स काढून नव्या मॉडेलचा बसवला. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा तेलाचा पंप लावला, म्हणजे चाकं वळवायचा जोर माणसाऐवजी इंजिन लावतं. पुढच्या चाकांचे ड्रम जाऊन डिस्क आल्या. ब्रेकच्या पेडलपुढं भाकरीच्या डब्याएवढा गोल बूस्टर आला. त्याच्या आतली हवा ओढून घ्यायला पंप लागतो, तो डायनामोच्या पाठीला जोडला. नवऱ्यानं हे मला समजावून सांगितलं, फक्त बूस्टरमध्ये हवा भरतात असं म्हणाला. मला क्लासमध्ये उलटं शिकवलं होतं. पण तो इतका रंगात आला होता की मी त्याला भाजी वाढली.

गाडी घरी आली त्या दिवशी सासऱ्यांनी ओट्यावरच्या मंडळींना मुद्दाम बोलावलं. चौघेपाचजण मागं हौद्यात चढले, त्यात गंजीचा मालकही होता. सासऱ्यांनी चप्पल काढली. बाह्या सारल्या. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

त्यांनी गाडी सुरू केली, चार हात पुढं नेली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं सगळं अंग घालून स्टेअरिंगला हिसका दिला. चाक भिंगरीसारखं फिरलं. गाडीनं कडुलिंब सोडून सरळ धुणं वाळत घातलेल्या दोरीकडं तोंड केलं. काचेवर आत्याबाईंचं लुगडं आलं. सासऱ्यांनी ब्रेकवर पाय दाणकन मारला. दुसऱ्या आणि तिसऱ्याची पाळी आलीच नाही. गाडी जागच्या जागी खिळली आणि मागची मंडळी एकावर एक केबिनवर येऊन आदळली. एकाची कवळी नंतर हौद्याच्या कोपऱ्यात सापडली.

"लय हुशार झाली," सासरे खाली उतरत म्हणाले. "हातानं सांगायच्या आधीच वळायली."

मंडळी उतरली ती आपापले गुडघे चोळत. परत चढायला कुणी तयार झालं नाही.

पुढं कितीतरी दिवस गाडी गावातून अशी जायची, जशी तिला उचकी लागलीय. सासरे चाकाशी भांडायचे, पण चाक भांडायला तयार नव्हतं. जोर लावायला काहीच नाही म्हटल्यावर त्यांना हातांचं काय करावं तेच कळेना. चूक अर्थातच गाडीची होती. "बायकांची गाडी करून ठेवली मिस्त्रीनं," हे वाक्य त्यांनी गावभर केलं. एका दुपारी चिडून घरात आले, चावी ओसरीवर फेकली आणि म्हणाले, "बायकांची गाडी हाय ना, मग बायकांनीच चालवावी."

मी भाकरी थापत होते. हात धुतले, चावी उचलली आणि बाहेर गेले.

मी काही पराक्रम केला नाही. गाडी सुरू केली, कडुलिंब आणि हौदाच्या मधून एका दमात वळवली आणि तोंड रस्त्याकडं करून उभी केली. मला भीती वाटत होती, पण हातांना काहीच कष्ट पडले नाहीत. गाडी वळून थांबल्यावर नवरा पुढं आला आणि हात हलवत म्हणाला, "हां, आता जरा उजवीकडं घे."

दुसऱ्या दिवशी टमाटे गंगाखेडला न्यायचे होते. मी चालवायला बसले, नवरा शेजारी. गाव सोडलं आणि तो उतार आला. नवऱ्याचा उजवा पाय रिकाम्या फळीवर एक, दोन, तीन असा चालला होता. मी पेडलवर पाय ठेवला आणि हलकाच दाबला. गाडी दबली, हळू झाली, माझ्या पायाखाली राहिली. खाली रस्त्याच्या तोंडाशी मी ती पूर्ण थांबवली. मागं कुणी नव्हतं, समोरून कुणी येत नव्हतं, तरी थांबवली.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"काही नाही."

मला तिथं हसू आलं नाही. याच उतारावरून आम्ही गल्लीतल्या लेकरांना मागं बसवून जत्रेला गेलो होतो, शेजारची बाळंतीण घरी आणली होती. दर वेळी तिसऱ्याच्या भरवशावर. एवढ्याशा दाबानं जी गोष्ट होते, ती करून घ्यायला एका जावयानं मोबाईलवर बोलत गाडी वळवावी लागली. हे मी नवऱ्याला तिथंच सांगितलं, जरा कडक शब्दांत. त्यानं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पटतंय." पुढचा सगळा रस्ता त्यानं मला एकदाही उजवीकडं घे म्हटलं नाही.

तेव्हापासून बाजारच्या दिवशी गाडी मी नेते. सासरे आधी घरीच रुसून राहत. मग भाव पडला का चढला ते बघायचं म्हणून स्वतः यायला लागले. आत्याबाईंची जागा केबिनमध्ये खिडकीशी, मधे त्यांच्या बाजाराच्या पिशव्या, त्यामुळं ते आणि नवरा मागं कॅरेटवर बसतात. त्यांचा उजवा खांदा फार दिवसांपासून दुखत होता, रोज रात्री आत्याबाई तेल लावायच्या. आता तो बरा आहे. सासऱ्यांच्या मते तेलाचा गुण.

त्यांची माझ्याबद्दलची तक्रार एकच. वाटेत ओझं घेतलेल्या बाया हात करतात आणि मी थांबते.

"सगळ्यांसाठी कामून थांबायलीस?" एकदा त्यांनी मागून काच वाजवून विचारलं. "बाजाराला उशीर व्हायलाय."

"गाडी थांबायलीय, मामा, म्हणून थांबवायलेय," मी म्हटलं.

तोवर आत्याबाईंनी दार उघडून त्या बाईची पाटी मांडीवर घेतली होती. केबिनमध्ये जागा करायला मी मधल्या पिशव्या सरकवल्या, आणि सासऱ्यांनी मागं आपले पाय आवरून घेतले, कारण तिच्याबरोबर दोन शेळ्याही होत्या.